कंधारच्या वाटेवरील अदृश्य गळती

कंधार म्हटलें कीं पुष्कळांच्या मनांत प्रथम अफगाणिस्तानांतील कंदाहार येतें, आणि घरांत महाभारताचें वाचन असेल तर गांधारीचें माहेर आठवतें. प्रस्तुत लेखांतील कंधार तें नव्हे. हें आपल्या मराठवाड्यांतील, नांदेड जिल्ह्यांतील, मन्याड नदीच्या खोऱ्यांतील तालुक्याचें गांव असून नांदेडाहून लोह्याच्या वाटेनें गेल्यास सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. नामसाम्याचा हा घोटाळा आजचा नव्हे. इ. स. १६३१ मध्यें शहाजहान बादशहाच्या फौजेनें निजामशाहीकडून कंधारचा जो किल्ला घेतला, व ज्याच्या वेढ्याचें चित्र बादशाहनाम्याच्या सुप्रसिद्ध सचित्र प्रतींत आहे, तो किल्ला हाच. परंतु नांव वाचून काबूलच्या दिशेस धांव घेणारा वाचक अजूनहि भेटावयाचाच.

आम्हां लातूरकरांस कंधारविषयीं थोडी अधिक आपुलकी वाटल्यास नवल नाहीं. राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर असें बहुतेक विद्वान् मानतात. त्याच घराण्यांतील तिसऱ्या कृष्णाकडे, म्हणजे दहाव्या शतकाकडे, कंधारच्या भुईकोटाची मूळ उभारणी दिली जाते. तेव्हां लातुराहून कंधारास जाणें म्हणजे राष्ट्रकूटांच्या ओसरीवरून त्यांच्याच माजघरांत जाण्यासारखें आहे. आम्ही मात्र रथांतून गेलों नाहीं. आम्ही गेलों एका वृद्ध मोटारींतून, आणि किल्ल्याइतकीच जागा या लेखांत त्या मोटारीसहि द्यावी लागणार आहे. वाचकांनीं, विशेषतः वाचकभगिनींनीं, यंत्राचें नांव ऐकून पान उलटूं नये एवढी विनंति.

ही मोटार म्हणजे आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंनीं १९८६ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें इटलींतील फियाट कारखान्याच्या नमुन्यावरून या गाड्या कुर्ल्यास बांधिल्या. हिच्या आधींच्या गोल पाठीच्या भावंडास लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. हिला मात्र चितोडच्या राणीचें नांव मिळालें, यावरून नशीब केवळ माणसांसच असतें असें नाहीं. चार सिलिंडरांचें १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच लाविलेली गिअरची काठी, आणि बसावयास ऐसपैस जागा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत हिनें कित्येक दशकें सेवा केली, व तेथील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

बंधूंच्या मागें गाडी पुतण्याकडे आली, आणि गेलें वर्षभर तिनें त्याचा छळ मांडिला होता. हमरस्त्यावर सुरळीत धांवावें आणि चौकांत पाय उचलला कीं थरथरून बंद पडावें, हा तिचा नित्यक्रम. चोक ओढून ठेविला तर कशीबशी तग धरी; पण तापलेल्या इंजिनास चोक लागणें हें तापकऱ्यास शाल लागण्यासारखें अशुभ लक्षण. एका मोठ्या गॅरेजांत ती दोनदां नेली. त्यांनीं प्लग बदलले, पॉइंट बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, कार्बुरेटर उतरवून धुतला व पुन्हां बसविला. आणि अखेरीस ‘इंजिन उतरलें आहे, बोर करून पिस्टन बदलावे लागतील, चाळीस हजार’ असा निकाल दिला. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, तीहि मुदत जवळ आली होती. तेव्हां घरांत बैठक होऊन एकमतानें ठरलें कीं, गाडी भंगाराच्या दलालास द्यावी. एकमत म्हणजे वहिनींखेरीज सर्वांचें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. दलालानें भाव केला, पुढचा सोमवार ठरला, आणि मग वहिनींनीं एवढेंच विचारलें, “त्याआधी एकदा कंधारला जाऊन येता येईल का?” बंधूंची पहिली नोकरी कंधारची, आणि वहिनींचा संसार मांडला गेला तोहि तेथेंच.

यास नाहीं कोण म्हणणार? शनिवारीं पहांटे पुतण्या सुकाणूवर, आम्ही त्याच्या शेजारीं, वहिनी व सूनबाई मागें, असे चौघे निघालों. अहमदपूर मागें पडलें, माळेगांव आलें. मार्गशीर्षांत खंडोबाच्या जत्रेस येथें घोडे, उंट, गाढवें यांचा मोठा बाजार भरतो. त्या वेळीं चतुष्पादांच्या गर्दींत चतुश्चक्रांस कोणी विचारीत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां मैदान ओस होतें व गाडीहि छान धांवत होती. लोह्याच्या बाजारपेठेंत मात्र ती तीन वेळां बंद पडली. मागील ट्रकवाल्यानें काय उद्गार काढले तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. पुढें कंधारच्या तोंडाशीं गतिरोधक आला, आणि तेथें ती जी थांबली ती सुरूच होईना. सुदैवानें समोरच पत्र्याच्या शेडखालीं एक मिस्त्री जीप उघडून बसले होते.

हे गृहस्थ आमच्याच वयाचे, पांढऱ्या दाढीचे. सर्व त्यांना उस्ताद म्हणत. दोन पोरांनीं गाडी ढकलीत आणिली, पुतण्यानें चोक ओढून ती कशीबशी चालू केली, व बॉनेट उघडावयास धांवला. उस्तादांनीं हातानेंच त्याला थांबविलें. ते बाजूस उभे राहून, डोळे मिटून, निदान दोन मिनिटें नुसतें ऐकत राहिले. आम्हांस आमच्या पाठशाळेंतील शास्त्रीबोवांची आठवण झाली. विद्यार्थी चुकीचा पाठ म्हणूं लागला म्हणजे तेहि असेच डोळे मिटीत. मग त्यांनीं विचारलें, “पळताना ठीक, थांबली की मरते, अन् चोक ओढला की जगते, असंच ना?” पुतण्यानें मान डोलाविली. “मग बोर कशाला करता? ही हवा खायलीय गुरुजी. चोरून खायलीय.”

याचा अर्थ समजण्यास थोडें शास्त्र पाहिलें पाहिजे. इंजिन हें श्वास घेणारें यंत्र आहे. पिस्टन खालीं जातांना जी पोकळी होते ती भरावयास बाहेरची हवा आंत धांवते, आणि वाटेंत कार्बुरेटर तिच्यांत पेट्रोलाचा तुषार मिसळतो. एक भाग पेट्रोलास वजनानें साधारण चौदा-पंधरा भाग हवा, असें हें मिश्रण असतें. गाडी उभी असून इंजिन मंद चालत असतें तेव्हां कार्बुरेटरांतील झांकण जवळजवळ बंद असतें. इंजिन जणुं सुईच्या नेढ्यांतून श्वास ओढीत असतें. टॉरिचेल्लीनें १६४३ मध्यें दाखविलें कीं, आपल्या डोक्यावरील हवेचें ओझें सुमारें ७६ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढें आहे. या मंद गतींत झांकणाखालील नळींत हें ओझें पाऱ्याच्या ४५-५० सेंटिमीटरांनीं कमी झालेलें असतें. अशा वेळीं नळीच्या सांध्यांत केसाएवढी फट असली तरी तिच्यांतून बाहेरची कोरडी हवा जोरानें आंत शिरते, पेट्रोलाचें प्रमाण पातळ होतें, आणि इंजिन गुदमरतें. वेगांत झांकण सताड उघडें असतें, आंतील ओढ मंदावते, मुख्य वाटेनेंच हवेचा लोंढा येतो. त्यांत फटींतून येणारी हवा नदींत पडलेल्या ओंजळीएवढी. म्हणून हा रोगी चालतांना धडधाकट दिसतो आणि बसला कीं आजारी पडतो. चोक ओढला असतां हवा कमी व पेट्रोल जास्त होतें, म्हणून त्याला तेवढ्यापुरतें बरें वाटतें. हीं तीन लक्षणें एकत्र आलीं कीं पिस्टनावर संशय घेण्याचें कारण उरत नाहीं. झिजलेला पिस्टन चढावर व वेगांतहि रडल्यावांचून राहत नाहीं. हें त्या मोठ्या गॅरेजास कसें सुचलें नाहीं, कोण जाणे.

पण चोर घरांत आहे हें कळणें निराळें, आणि तो कोणत्या खिडकींतून आला हें कळणें निराळें. या गळतीची मौज अशी कीं ती दिसत नाहीं. घागर गळली तर खालीं ओल येते, तेल गळलें तर डाग पडतो. येथें बाहेर कांहींच येत नाहीं; सारें आंत जातें. वैशेषिकांनीं अभाव हाहि एक पदार्थ मानिला याची आमचे विद्यार्थी थट्टा करीत. त्यांतील एकानें तरी त्या दिवशीं कंधारास असावयास हवें होतें.

उस्तादांनीं प्रथम हवेची गाळणी काढून कार्बुरेटराच्या तोंडावर तळहात दाबून धरिला. नाक-तोंड दाबल्यावर जीव जावयास हवा. पण इंजिन आचके देत चालतच राहिलें. “बघा, दुसरं नाक हाय हिला,” ते म्हणाले. मग त्यांनीं हातभर लांबीची एक रबरी नळी घेतली, एक टोंक कानाशीं धरिलें व दुसरें सांध्यासांध्यावरून फिरविलें, डॉक्टर छातीवरून फिरवितो तसें. अँबॅसिडरसारख्या कित्येक गाड्यांत या पोकळीची एक बारीक नळी ठिणगी वांटणाऱ्या डब्याकडे जाते. तसली नळी चिरली तरी हाच विकार होतो, असें ते नळी फिरवितां फिरवितां सांगत होते. एके ठिकाणीं थांबून त्यांनीं टोंक आमच्या कानाशीं दिलें. इंजिनाच्या खडखडाटाखालीं एक अगदीं बारीक, अखंड सूत्कार ऐकूं येत होता.

तेवढ्यांत पुतण्यास भ्रमणध्वनीवर पाहिलेली एक युक्ति आठवली. उदबत्तीचा धूर सांध्याजवळ धरावा, तो जेथें आंत ओढला जाईल तेथें फट समजावी. युक्ति तर्कास धरून आहे, परंतु उस्ताद एकदम कडाडले, “पेट्रोल हाय ते! देवघर नाही.” उघड्या कार्बुरेटराजवळ विस्तव नेणें हा आत्मघात होय, हें येथें मुद्दाम लिहून ठेवितों, कारण आमच्या वाचकांच्या घरींहि हौशी पुतणे असतील.

त्यांची स्वतःची परीक्षा साधी होती. तेलाच्या कुपीच्या लांब चोंचीनें जाड इंजिन-ऑइलचे दोनच थेंब कार्बुरेटर व त्याखालील नळी यांच्या सांध्यावर, उजव्या कोंपऱ्यांत, सोडले. क्षणभर कांहीं नाहीं. मग इंजिनाचा खोकला एकाएकीं थांबला व तें एकसुरी चालूं लागलें. दहा-पंधरा अंक मोजावे इतका वेळ तें सुख टिकलें. तेल आंत ओढलें गेलें, फट मोकळी झाली, आणि थरथर पुन्हां सुरू. त्याच सुमारास मागच्या नळकांड्यांतून निळसर धूर निघाला. उस्तादांनीं डाव्या कोंपऱ्यांत थेंब सोडले. कांहीं फरक नाहीं. पुन्हां उजव्या कोंपऱ्यांत. पुन्हां शांत, पुन्हां धूर. असें तीनदां केलें. न्यायशास्त्रांत ज्यास अन्वय व व्यतिरेक म्हणतात, तो याहून स्वच्छ आम्हीं कोठें पाहिला नाहीं: तें असतां हें आहे, तें नसतां हें नाहीं. आणि डोंगरावरच्या धुरावरून अग्नि ओळखणें शिकविण्यांत आमची हयात गेली. शेपटाकडील धुरावरून डोक्याकडील छिद्र ओळखणारा नैयायिक आम्हांस येथें भेटला.

“आता थंड होऊ द्या तासभर. गरम असताना खोललं तर कान वाकडा होतो. तवर किल्ला बघून या,” असें म्हणून उस्ताद जीपकडे वळले, व आम्ही चौघे पायींच निघालों.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नसल्यामुळें त्यानें पाण्याचा आधार घेतला. रुंद खंदक, त्यांतील हिरवें पाणी, मग तट, आंत आणखी एक तट व बुरूज. राष्ट्रकूटांनंतर काकतीय, बहामनी, निजामशाही, मोगल व असफजाही, असे धनी बदलत गेले, आणि प्रत्येकानें कांहीं तरी बांधिलें किंवा कांहीं तरी कोरिलें. फारसी लेख अजून भिंतींत आहेत. येथें सांपडलेल्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत ‘जगत्तुंगसमुद्र’ नांवाच्या तलावाचा उल्लेख येतो. त्या जलाशयास लोक आजहि जगतुंग सागर म्हणतात. हजार वर्षें होऊन गेलीं, राजभाषा चार वेळां बदलली, तरी तलावानें राजाचें नांव सोडलें नाहीं. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवयवहि या गांवीं सांपडले आहेत. नुसत्या पावलावरून देवाच्या उंचीची कल्पना करीत मनुष्य मान वर करितो आणि वर केवळ आकाश दिसतें.

खंदकाच्या कांठीं वहिनी बसल्या. बहात्तरच्या दुष्काळांत त्या येथें नव्या नवरी होत्या. सूनबाईस त्या सांगत होत्या, “तेव्हा भांडं विकत घेताना नक्षी कोण बघतंय? गळतं का, एवढंच. मातीच्या घागरीला बाहेरून कोरडी राख फासायची आणि रात्रभर भरून ठेवायची. सकाळी राख जिथं ओली, तिथं भोक.” बांध-तलावांचेंहि असेंच आहे. वैशाखांत बांधाच्या कोरड्या अंगास जेथें हिरवें गवत दिसेल तेथें पाणी झिरपतें असें खुशाल समजावें. पूर्वजांनीं पाणी आंत कोंडून ठेवण्याची विद्या साधिली व तिच्या चाचण्याहि शोधून काढल्या. हवा बाहेर ठेवण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. वहिनींनीं मग त्यांच्या जुन्या घराची गल्ली दाखविली. घर राहिलें नाहीं. त्या जागीं तीनमजली इमारत आहे. त्यांनीं ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि “चला, उस्ताद वाट पाहत असतील,” असें म्हणाल्या. आम्हांपैकीं कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

परत आलों तों कार्बुरेटर उतरवून बांकावर ठेविला होता. उस्तादांनीं त्याच्या बुडाच्या सपाट कडेवर लोखंडी पट्टी उभी धरिली व ती आकाशाकडे करून आम्हांस पाहावयास सांगितलें. पट्टी दोन्ही कानांवर टेकली होती, आणि मधें, उजवीकडे, प्रकाशाची एक रेषा दिसत होती; द्वितीयेच्या चंद्रकोरीएवढीहि नव्हे. चाळीस हजारांचा रोग तो एवढा. झालें होतें असें कीं, मागें कुणीं तरी कार्बुरेटर बसवितांना दोन्ही नट जीव खाऊन आवळले होते. कार्बुरेटराचा धातु मऊ; कान खालीं वांकले, पोट वर आलें, आणि खालीं जाड पुठ्ठ्याचें पॅकिंग घातल्यामुळें तें लपून गेलें. घट्ट म्हणजे पक्कें, ही समजूत बहुत ठिकाणीं घात करिते. उस्ताद म्हणाले, “आवळणाऱ्याचा जोर बघू नये गुरुजी, सबूर बघावी.”

पुढील काम त्यांनीं सावकाश केलें व तें पाहण्यासारखें होतें. जाड कांचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून, त्यावर थोडें तेल टाकून, कार्बुरेटराचें बूड आठाच्या आकारांत घांसत राहिले. दर थोड्या वेळानें पट्टी लावून उजेड पाहावयाचा. उजेड नाहींसा होण्यास पाऊण तास लागला. मग पॅकिंगचा कागद बुडावर ठेवून त्याच्या कडेवर गोल तोंडाच्या हातोडीनें हलके हलके टिचक्या मारीत गेले. धातूच्या धारेनेंच कागद कापला जाऊन हुबेहूब आकार निघाला. नट आवळतांना एक अर्धा फेरा इकडे, एक अर्धा फेरा तिकडे, असें आळीपाळीनें, चिमटींतल्या पान्यानें. जेवण झाल्यावर विड्याची शीर काढावी तितक्या निवांतपणें.

गाडी सुरू झाली. चोक आंत ढकलला. पेचकसानें मंद गतीचा स्क्रू थोडा उलगडला, मिश्रणाचा थोडा फिरविला. आणखी एकदां तेलाचे थेंब, या वेळीं झांकणाच्या दांड्यापाशीं. आणि तेथें इंजिनाचा सूर किंचित्, अगदीं किंचित् बदलला. पुतण्यानें लगेच विचारलें, “इथंपण गळतंय का? तेही करून टाका.” उस्ताद हंसले. “अडतीस-चाळीस वर्षांचा दांडा हाय, जरासा झिजणारच. त्यासाठी नवं भोक पाडून नवी बुश बसवावी लागंल. राहू द्या. म्हाताऱ्याला थोडा खोकला असावा.” जेथें थांबावें तेथें थांबणारा कारागीर आमच्या पाहण्यांत फार थोडा आला आहे, वैद्यांतहि.

वहिनी मागील आसनावर जाऊन बसल्या होत्या. इंजिन इतकें मंद व निवांत चाललें होतें कीं, त्यांनीं खिडकींतून वांकून काळजीच्या सुरांत विचारलें, “पुन्हा बंद पडली का हो?”

“चालू हाय मावशी,” उस्ताद म्हणाले. “हात लावून बघा.” वहिनींनीं पुढच्या आसनाच्या पाठीवर तळहात ठेविला आणि तो बराच वेळ तेथेंच राहूं दिला.

मजुरी त्यांनीं तीनशें रुपये सांगितली. पुतण्यानें पांचशें पुढें केले, तेव्हां दोनशें परत करून ते म्हणाले कीं, पॅकिंगचा उरलेला कागद व तो रबरी नळीचा तुकडा मात्र गाडींत ठेवा. येतांना लोह्याच्या बाजारांत पुतण्या मुद्दाम दोन ठिकाणीं थांबला; तिसऱ्या ठिकाणीं थांबण्याचें कांहीं कारण नव्हतें, तेथेंहि थांबला. माळेगांवापाशीं चहा घेतांना त्यानें भंगाराच्या दलालास भ्रमणध्वनि लाविला व सोमवारीं येऊं नका म्हणून कळविलें. दलाल मुळींच रागावला नाहीं. हरकत नाहीं, तो म्हणाला, पण पुढें कधीं दरवाजे एकटेच विकावयाचे झाले तर प्रथम मलाच सांगा. पद्मिनीच्या दरवाजांस अजून गिऱ्हाईक आहे.